जित्या आबांचा निरोप

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढं हसायला जागा कमी आहे. माझी फजिती झाली ती मटणाच्या ताटावर, आणि तीसुद्धा एका मयताच्या निमित्तानं. असल्या गोष्टीत हसायचं कुठं आणि गप्प बसायचं कुठं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुम्ही आपला चहा घेत ऐका. मध्येच हसू आलं तर माझ्या तोंडाकडं बघू नका, एवढंच.

मी सदा. नववीत शाळा सोडली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर लागलो. ज्यांनी मला हाताला धरून मशीनपुढं उभं केलं ते आण्णा. त्यांचं स्वतःचं लहानसं वर्कशॉप होतं. त्यांचा मुलगा दत्ता माझ्याच वयाचा. आम्ही दोघं एकाच मशीनवर शिकलो, एकाच मशीनवर बोटं कापून घेतली.

आता माझा स्वभाव सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. मी लाजाळू. किती? एसटीत माझा थांबा आला तरी कंडक्टरला सांगायची मला लाज वाटायची. पुढच्या थांब्यावर दुसरं कोण उतरलं की त्याच्या मागनं गुपचूप उतरायचो आणि चालत परत यायचो. हसू नका, पायाला चांगलं असतं ते.

सुट्टीच्या दिवशी आण्णा आम्हाला खानावळीत न्यायचे. दत्ता, काकी, म्हणजे दत्ताची आई, आणि मी. खानावळ साधीच. बाहेर बाकडी, आणि आत लाकडी फळ्या मारून, पडदे सोडून केलेल्या फॅमिली रूम. ताट आलं की आण्णा आधी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावायचे आणि असा आवाज काढायचे की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं वळून बघायची. मग वाढप्याला ओरडायचे, "ह्या पोराला पांढरा वाढा वो, ह्यो मागणार न्हाय!" मी मान खाली घालायचो. पण वाटी पुढं करायचो.

ते आण्णा एक दिवस सकाळी वर्कशॉपात छातीला हात लावून बसले ते उठलेच नाहीत. पन्नाशी नुकतीच झालेली. अर्धा प्यायलेला चहाचा ग्लास लेथच्या कडेवर तसाच होता. तो उचलायचं दिवसभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी पळापळ सगळी केली. लाकडं आणली, माणसांना सांगून आलो, मांडव घातला. पण काकींशी एक शब्द बोललो नाही. बोललो नाही म्हणजे बोलता आलं नाही. लोक यायचे, काकींच्या जवळ बसायचे, दोन वाक्यं बोलायचे, डोळे पुसायचे, जायचे. मला तेवढंही जमेना. मी आपला तांब्या-भांडं घेऊन पाणी वाटत राहिलो. ज्यांनी मागितलं त्यांना दिलं, ज्यांनी मागितलं नाही त्यांनाही दिलं. एका म्हाताऱ्याला तर इतक्यांदा पाणी दिलं की तो बिचारा शेवटी म्हणाला, "पोरा, मी रडायला आलोय, पोहायला न्हाय."

तेरावं झालं. आता आमच्याकडं अशी रीत आहे की तेरावं झालं तरी दुखाच्या घरात आपलं आपण मटण शिजवत नाहीत. बाहेरच्या कुणीतरी त्या घरच्यांना जेवायला न्यायचं, पहिला घास त्यांच्या हातात द्यायचा, दोन धीराचे शब्द बोलायचे. मग ते घर खायला-प्यायला मोकळं. हे काम बहुतेक बाईच्या माहेरचे करतात. पण काकींचं माहेर लांब, कर्नाटकाच्या हद्दीकडं. भावांशी जमिनीवरनं वाकडं आलेलं. ते तेराव्याला आले, उभ्या उभ्या नमस्कार करून गेले. जेवायला नेण्याचं नाव काढलं नाही.

बरेच दिवस गेले. घरात नुसतं वरण-भात. दत्ता चिडायचा. एक दिवस काकी मला म्हणाल्या, "सदा, बाहेरचा म्हणायला तूच की रं आता आमास्नी."

बस्स. एवढंच म्हणाल्या. मी मान हलवली आणि रात्रभर जागा राहिलो.

माझी भाड्याची एक खोली. चुलीच्या नावानं एक स्टोव्ह, त्यावर फक्त चहा व्हायचा. तिथं काय जेवू घालणार? मी दत्ताला म्हणालो, "खानावळीत नेतो."

"आण्णांच्या खानावळीत?" दत्ता म्हणाला. मग आईकडं बघितलं.

काकी म्हणाल्या, "चालंल. त्येंच्या आवडीची जागा हाय ती."

आता घास देणं अवघड नव्हतं. अवघड होते ते धीराचे शब्द. पण एक गोष्ट माझ्या बाजूला होती. इतके दिवस पाणी वाटता वाटता मी आलेल्या सगळ्यांची वाक्यं ऐकली होती. त्यातली चांगली चांगली उचलली. एकाचा आरंभ, दुसऱ्याचा मधला भाग, तिसऱ्याचा शेवट. लेथवर लोखंडाचा जॉब फिरवताना पाठ केली. "जे झालं ते लय वाईट झालं. देवापुढं कुणाचं चालत न्हाय. आता तुमीच घराला धीर द्यायचा." आणि ठरवलं, आत शिरल्या शिरल्या, कुणाच्या तोंडाकडं न बघता, एका दमात बोलून टाकायचं. तोंडाकडं बघितलं की माझी वाचा बसते.

हीच अक्कल नडली.

ठरल्या दिवशी दुपारी हातातलं काम संपवून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मी खानावळीत पोचलो. दत्ता आणि काकी घरून रिक्षानं येणार होते. मला वाटलं, मलाच उशीर झाला. गल्ल्यावर नवे मालक होते, ते आम्हाला ओळखत नव्हते; त्यांना हळूच विचारलं, "आमची माणसं आली का?"

मालक माझ्याकडं न बघता म्हणाले, "बसल्यात की आत, फॅमिली रूममधी."

आत तीन पडदे. पडदा गुडघ्यापर्यंतच असायचा. पहिल्या पडद्याखालनं एक बाईची निळ्या पट्ट्याची चप्पल दिसली. काकींची तसलीच होती! आता तुम्ही म्हणाल, निम्म्या कोल्हापूरच्या बायकांच्या पायात तसलीच चप्पल असते. ते मला आज कळतंय. आणि तुम्ही म्हणाल, आवाजावरनं तरी ओळखायचं. अहो, आत आवाजच नव्हता! मटणाचं ताट पुढं आल्यावर पहिली काही मिनिटं आमच्याकडं कोण बोलतंय का?

मी पडदा सारला, नजर जमिनीवर रोवली आणि सुरू केलं.

"जे झालं ते लय वाईट झालं. देवापुढं कुणाचं चालत न्हाय. आता तुमीच घराला धीर द्यायचा."

झालं! एकही शब्द चुकला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढं सलग बोललो होतो. मोठ्या समाधानानं मी मान वर केली.

टेबलाभोवती एक भरलं घर बसलेलं. दंडाएवढ्या मिशांचे एक तात्या, त्यांची बायको, मेव्हणा, आणखी बायका-पोरं. मी आयुष्यात कधी न बघितलेली माणसं. कुणाच्या तोंडात नळी, कुणाच्या हातात भाकरी. सगळे माझ्याकडं बघत होते.

तात्यांच्या हातातलं हाड ताटात पडलं. "कोण गेलं?"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. म्हणून मान जोरात हलवली. म्हणजे कोण नाही, कोण नाही!

"आबा?"

मी आणखी जोरात मान हलवली.

"आबा गेलं गं शालन!" तात्या ओरडले, आणि त्यांच्या बायकोनं, शालन वैनींनी, असा हंबरडा फोडला की पलीकडच्या खोलीतलं कुणाचं तरी ताट खाली पडलं.

"अवो न्हाय! आबांना काय झालेलं न्हाय!" माझा आवाज फुटला तो असा.

तिथंच माझा घात झाला. का ते सांगतो. तेव्हा मोबाईल नव्हते. खेड्यात फोन एखाद्याच्या घरी. मयताचा निरोप माणूसच घेऊन जायचा. आणि तो माणूस 'गेले' असं कधीच म्हणायचा नाही. रस्त्यात धक्का बसायला नको म्हणून तो म्हणायचा, "काय झालं न्हाय, जरा घरी चला." एवढं ऐकलं की ऐकणारा समजून जायचा आणि चप्पल घालायचा. आमच्या भागात 'काय झालं न्हाय' हे शब्द ऐकून जेवढी माणसं रडली असतील तेवढी 'गेले' ऐकून रडली नसतील.

तात्यांनी डोक्याला हात लावला. "बघ, काय झालं न्हाय म्हणतोय!"

"मी तुमच्या गावचा न्हाय वो!"

"गावातलं कुणाचं धाडस झालं नसंल," मेव्हणा म्हणाला. "म्हणून परका माणूस धाडला."

"मी चुकून आलोय हितं!"

"असला निरोप चुकूनच येतोय लेका," तात्या म्हणाले आणि त्यांनी मला मिठी मारली. हात तांबड्या रश्श्याचा. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर त्यांचा पंजा पाच बोटांसकट उठला.

शालन वैनी तर थांबेनात. "मला बी न्या म्हणत होतं वो! दारात बसून म्हणत होतं, मला बी मटण खायचंय! मीच नको म्हटलं, डॉक्टरनं बंदी घातलीया. आगं आई, डब्यातनं रस्सा तरी न्यायचा होता!"

कळलं ते असं. ही मंडळी गडमुडशिंगीची. नवी जीप घेतलेली, तिची पूजा करून पेढे वाटून सगळे जेवायला आलेले. तात्यांच्या म्हाताऱ्या वडलांना, आबांना, तेवढं घरी ठेवलेलं. ज्याला घरी ठेवून माणूस मटण खायला येतो, त्याचंच भय त्याच्या ताटात बसलेलं असतं. मी फक्त ते बोलून दाखवलं.

मालक धावत आले. हात जोडून म्हणाले, "तात्या, बिलाचं राहू द्या. आधी घर गाठा." आणि माझ्याकडं वळून, "तू बी जा रं यांच्यासंगं, वाटंत आधार होईल."

मी आधार! मला दोन्ही दंडाला धरून बाहेर काढलं. मी "अवो, अवो" करत होतो आणि प्रत्येक 'अवो'ला बायकांचा रडण्याचा आवाज चढत होता. दारात नवी जीप. हळदकुंकू लावलेली, पुढं झेंडूचा हार, लिंबू-मिरची. मला मधल्या सीटवर कोंबत होते तेवढ्यात शेजारी रिक्षा थांबली.

रिक्षातनं दत्ता उतरला. मागनं काकी.

"सद्या! कुटं निघालास?" दत्ता ओरडला.

मी दोन बायकांच्या मधनं हात काढून ओरडलो, "आलोच! तुमी बसा!"

आणि दार लागलं.

जीपमधलं काय सांगू? तात्या रडत रडत गाडी चालवत होते. नव्या गाडीला हात बसलेला नव्हता, त्यात डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आज निरोप खरा होणार, फक्त आबांच्या ऐवजी आमचा.

शालन वैनींनी माझा हात घट्ट धरला. "शेवटचं काय म्हणालं रं आबा?"

"मी त्येंना बघितलंच न्हाय वो."

"म्हंजी तू पोचायच्या आधीच..." आणि परत हंबरडा.

"मी त्येंना ओळखत बी न्हाय!"

"आता कोण ओळखणार त्येंना," मागनं एक म्हातारी बाई म्हणाली.

बघा की! मी खरं बोलत होतो आणि माझ्या खऱ्याची सगळी रडगाणी होत होती. शेवटी मी गप्प बसलो. गप्प बसल्यावर त्यांची उरलीसुरली शंकाही गेली.

स्टँडजवळ तात्यांनी गाडी थांबवली आणि मेव्हण्याला उतरवलं. "कोडोलीला जा. आक्काला घेऊन ये. पण एकदम सांगू नको. काय झालं न्हाय म्हण, नुसतं घरी चला म्हण."

मेव्हणा डोळे पुसत तात्यांच्या बहिणीला आणायला एसटीकडं पळाला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. एक खोटा निरोप आता दोन तालुक्यांत फिरणार होता, आणि माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. पडद्यामागं काकी बसल्या असतील. पुढं ताट आलं असेल. घास द्यायला कोण नाही.

गावाच्या वेशीत शिरताना वैनींनी खिडकीतनं डोकं काढून आवाज दिला. लोक दुकानातनं उठले, गोठ्यातनं आले. घरापर्यंत जीपच्या मागं एवढी माणसं झाली की कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, पुढाऱ्याची सभा आहे.

तात्यांनी दार ढकललं. सगळे रडत आत. ओसरी रिकामी. खाट रिकामी!

"कुटं ठेवलं वो आबांना?" वैनी किंचाळल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतनं धूर आला. धुराच्या मागनं वास आला. वासाच्या मागनं आबा आले. धोतर, बनियन, डोक्याला टॉवेल. दोन्ही हात पाठीमागं लपवलेले. समोर गाव रडत उभं. आबांचं तोंड पांढरं पडलं.

"एकच!" आबा म्हणाले. "आईची आण, एकच बोंबील भाजून खाल्लाय! त्येला एवढं गाव गोळा करून रडायला काय झालं?"

शालन वैनी मटकन खाली बसल्या. तात्या आबांना हात लावून बघत होते, खांदा, कान, टॉवेल. मग सगळे सावकाश माझ्याकडं वळले.

"ह्यो म्हणाला," तात्या म्हणाले.

"मी काय म्हणालो?" मी ओरडलो. माझं मलाच खरं वाटेना, एवढा मोठा आवाज माझ्यात होता! "मघापासनं काय झालं न्हाय, काय झालं न्हाय म्हणतोय की!"

गर्दीतनं कोणतरी म्हणालं, "मग तात्यांची काय चूक? सगळीच तसं म्हणत्यात."

आबा पुढं आले. हातातला बोंबील आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. तो हातात तसाच धरून त्यांनी मला विचारलं, "कुणाचा रं तू?"

मग मी सगळं सांगितलं. आण्णांचं, काकींचं, माहेरच्यांचं, पहिल्या घासाचं. पाठ केलेल्या वाक्यांचंही सांगितलं. खाली मान घालूनच सांगितलं, पण सांगितलं.

"केवढा होता तुझा मेस्त्री?" आबांनी विचारलं.

"पन्नाशीचा."

आबा खाटेवर टेकले. बोंबलाकडं बघत म्हणाले, "माझ्यासाठी सगळं गाव रडतंय, आनि मी हितं बोंबील भाजतोय. आनि तिकडं ती पोरगी ताट पुढं घिऊन बसलीया. तात्या, गाडी काढ."

मी दाराकडं वळलो तर वैनी आडव्या. "चहा घेतल्याबिगर जायचं न्हाय."

"वैनी, तिकडं..."

"तू आमच्या घरात रडं आणलंस. चहा घिऊन, गोड तोंडानं बाहीर पड. नायतर ते हितंच राहील."

चहा झाला, चहा उकळता होता, बशीत ओतून फुंकून प्यायलो, जीभ भाजली. प्रत्येक घोटाला मला काकींचं ताट दिसत होतं.

जीपमध्ये बसलो तर पुढच्या सीटवर आबा. स्वच्छ टोपी घालून.

"तुमी कुटं आबा?" तात्या म्हणाले.

"माझ्या नावानं अर्धी ताटं टाकून आलायसा. ती कोण खाणार?"

वैनी तोंड उघडणार होत्या. पण ज्या माणसासाठी आत्ता गावभर रडून झालं, त्याला रस्सा खाऊ नका म्हणायचं कुठल्या तोंडानं? (कोडोलीची आक्का संध्याकाळी टेम्पो भरून माणसं घेऊन रडत आली म्हणे. दारात आबा उभे, जेवून आलेले, दात कोरत. तिनं आबांना मिठी मारायच्या ऐवजी मेव्हण्याला मारलं.)

खानावळीत आम्ही शिरलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. मालकांनी आधी आबांना बघितलं, मग मला, मग परत आबांना. गल्ल्यावरनं उठले आणि तसेच खाली बसले. आबा जिते कसे, ते तात्या त्यांना समजावत राहिले. मी आत पळालो.

तिसरा पडदा.

काकी आणि दत्ता समोरासमोर बसलेले. पुढं तीन ताटं. तिसरं माझं. तांबड्या रश्श्यावर गार तेलाचा थर धरलेला. भाकरीला कुणी हात लावलेला नाही. म्हातारा वाढपी दारात उभा होता, मला म्हणाला, "किती डाव विचारलं गरम करून आणू का. आमचा माणूस यायचाय म्हणत्यात."

दत्ता उसळला. "कुटं गेलतास मर्दा?"

"मुडशिंगीला."

"कशाला?"

"एक म्हातारं जित्तं हाय म्हणून सांगायला."

दत्तानं माझ्याकडं असं बघितलं की दवाखान्यात न्यावं की काय. मग मी पाठ वळवून सदऱ्यावरचा पंजा दाखवला आणि सगळं सांगितलं. बोंबलापर्यंत आल्यावर दत्ताच्या तोंडातनं फुसकन हसू निघालं. त्यानं आईकडं बघून ते दाबलं. पण काकींचा पदर तोंडावर होता आणि खांदे हलत होते. आण्णा गेल्यापासनं खांदे हलायचे ते रडताना. म्हणून मी घाबरलो. तर काकींनी पदर काढला आणि म्हणाल्या, "आमचं गेल्यालं माणूस सोडलंस, आनि दुसऱ्याचं जितं धरलंस, व्हय रं?"

पलीकडच्या खोलीतनं आबांचा आवाज आला, "पांढरा आण रं आणखी!" तसं आम्ही तिघंही हसलो. पार पोट दुखेपर्यंत.

मग हसू ओसरलं. टेबलाची चौथी बाजू रिकामी होती. तिकडं कोण बघत नव्हतं.

मी भाकरीचा तुकडा मोडला. गार रश्श्यात बुडवला. काकींच्या पुढं धरला. आता बोलायचं होतं. पण पाठ केलेलं सगळं मी दुपारीच मुडशिंगीच्या मंडळींना देऊन बसलो होतो, एकही शब्द उरला नव्हता. मी म्हणालो, "काकी, आण्णा..." आणि पुढं काही आलंच नाही. आलं ते रडू. असलं तसलं नाही. इतके दिवस पाणी वाटून आत साठवलेलं सगळं, एकदम. घासातनं रस्सा गळत होता, आणि मी शालन वैनींच्या वर आवाज काढून रडत होतो.

काकींनी माझ्या हातातनं तो घास घेतला. तोंडात घातला. सावकाश चावला. आणि दुसऱ्या हातानं माझी पाठ चोळत राहिल्या. दत्ता मला पाणी देत होता. एक ग्लास, दुसरा ग्लास.

तेवढ्यात पडदा सरकला. आवाज ऐकून मालक आले होते. त्यांनी मला ओळखलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आरं देवा! आता हितलं कोण गेलं?" ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला. "तुझं वडील का रं पोरा?"

काकींनीच तोंडातला घास संपवला, पदरानं माझे डोळे पुसले आणि मालकांना म्हणाल्या, "त्येचं न्हाय वो, आमचं मालक गेल्यात. ह्यो आमास्नी धीर द्यायला आलाय."